गच्चीवरून ताडून पाहायचं अंतराळ

दर आठवड्याला नासा एकदा तरी हादरतं. निदान आमच्या नववी-दहावीच्या मुलांच्या हातातल्या मोबाइलवर तरी. 'चंद्रावर जे दिसलं ते पाहून शास्त्रज्ञ चक्रावले', 'इस्रोने लपवलेलं सत्य', लाल बाण, पिवळी अक्षरं आणि डोळे विस्फारलेला निवेदक. पहिल्या तासाला हजेरी संपायच्या आत कुणीतरी हात वर करतं, ''मॅडम, ते खरंय का?''

मी जुन्नर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इथल्या मुलांना अंतराळाची गोडी लावायला लागत नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ उतरलं तेव्हा ज्या घरांत एरवी त्या वेळी मालिका लागतात, त्या घरांतही इस्रोचं थेट प्रक्षेपण चालू होतं. गोडी आहेच. अडचण अशी, की त्या गोडीपुढे इंटरनेट जे वाढून ठेवतं त्यातलं बरंचसं खोटं असतं, आणि जे खरं असतं तेही नुसतं ऐकून सोडून द्यायचं असतं. प्लूटोला ग्रहांमधून का काढलं, कृष्णविवरात पडलं तर काय होईल, हे मुलांना तोंडपाठ असतं. पण आज संध्याकाळी डोक्यावरून काय जाणार आहे, ते माहीत नसतं.

म्हणून मी एक चाळणी लावते. एखादी साइट मुलाला नुसती माहिती सांगते, की त्याला स्वतः ताडून पाहता येईल असं काही हातात देते? आकाशाशी ताडा, पुस्तकातल्या सूत्राशी ताडा, शेजारच्या दुसऱ्या साइटशी ताडा, कशाशीही चालेल. या चाळणीत नासाची पुष्कळ सुंदर पानंसुद्धा गळून पडतात, याला माझा इलाज नाही.

सुरुवात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून करते. 'हेवन्स अबव्ह' नावाची एक जुनाट दिसणारी साइट आहे, ख्रिस पीट नावाच्या गृहस्थांनी उभी केलेली. चकचकीत चित्रं नाहीत, संगीत नाही. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्यायचे, आमचे साधारण १९.२ उत्तर आणि ७३.९ पूर्व, की पुढच्या दहा दिवसांत स्थानक आपल्या आकाशातून कधी कधी जाणार याचा तक्ता समोर येतो. कोणत्या दिशेला दिसू लागेल, किती अंश उंच चढेल, कुठे दिसेनासं होईल, सगळं सेकंदासकट. तेजस्वितेचाही एक रकाना असतो. तिथला आकडा जितका शून्याच्या खाली, तितकं स्थानक ठळक. उणे तीनच्या पलीकडे गेलं की ते शोधावं लागत नाही, आपोआप डोळ्यांत भरतं.

आता आमच्याकडे अंधार पडल्यावर मुलांना मैदानात जमवणं शक्य नाही. शाळेला लागून ऊस आहे आणि उसात बिबट्या. तोडणी सुरू झाली की त्याचा आसरा जातो आणि तो कुठेही दिसू लागतो. त्यामुळे आमचं आकाशदर्शन शाळेच्या गच्चीवर असतं. जिन्याचं दार लावलेलं, मुलांबरोबर त्यांचे आईवडील, आणि शिपाई मामा बॅटरी घेऊन खाली फाटकापाशी. मुख्याध्यापक सर पहिल्यांदा तयार नव्हते. पण स्थानक संध्याकाळी सातच्या सुमाराला दिसतं आणि सगळा कार्यक्रम पाच-सहा मिनिटांत आटोपतो म्हटल्यावर ते स्वतःच वर आले.

तक्त्यात दिलेल्या वेळेला, दिलेल्या दिशेला, क्षितिजावरच्या धुरकटपणातून एक ठिपका वर येतो. लुकलुकत नाही, आवाज करत नाही, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत. मुलं हातातल्या घड्याळाकडे आणि आकाशाकडे आळीपाळीने बघत असतात. आणि कधी कधी आकाशाच्या ऐन मध्यावर, समोर ढग नसताना, तो ठिपका अर्ध्या मिनिटात मंद होऊन विझतो. इथेच पहिला खरा प्रश्न येतो, ''मॅडम, कुठे गेलं?'' ते कुठेही गेलेलं नसतं. स्थानकाला स्वतःचा उजेड नाही, आपल्याला दिसतो तो त्याच्या सौर पंखांवरून परतणारा सूर्यप्रकाश. आपल्याकडे सूर्य मावळलेला असला तरी ४०० किलोमीटर उंचीवर अजून ऊन असतं. पुढे सरकता सरकता स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरतं आणि विझल्यासारखं वाटतं. मध्यरात्री ते दिसत का नाही, याचं उत्तरही मग मुलंच देतात.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित. दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये दहावा धडा 'अवकाश मोहिमा' असा आहे. त्यात क्रांतिक वेगाचं सूत्र येतं. गुरुत्व स्थिरांकाला पृथ्वीच्या वस्तुमानाने गुणायचं, पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. परीक्षेत हे दोन-तीन गुणांचं उदाहरण असतं, मुलं किमती भरून मोकळी होतात. पण काल डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूच्या किमती भरायच्या म्हटल्यावर वर्गाचा नूर बदलतो. पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर, वर ४००, म्हणजे ६,८००. उत्तर येतं सेकंदाला ७.६७ किलोमीटर, तासाला साडेसत्तावीस हजारांच्या पुढे. या वेगाने एक पूर्ण फेरी मारायला किती वेळ? सुमारे ९३ मिनिटं. दिवसाच्या १,४४० मिनिटांना त्याने भागा, साडेपंधरा फेऱ्या. मग मोबाइल काढायचा आणि त्याच साइटवर स्थानकाच्या कक्षेची माहिती उघडायची. दिवसाला सुमारे साडेपंधरा फेऱ्या असाच आकडा तिथे लिहिलेला असतो. बालभारतीच्या पुस्तकातलं सूत्र आणि जगभर वापरला जाणारा तक्ता एकमेकांशी जुळतात, हे पाहिल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी शिक्षिका झाले असं म्हणायला हरकत नाही.

एक उपप्रश्न हुशार मुलं काढतातच. स्थानक ९३ मिनिटांनी पुन्हा त्याच जागी येत असेल तर दर ९३ मिनिटांनी आपल्या डोक्यावर का नाही? कारण तेवढ्या वेळात आपणच जागेवर राहत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका फेरीत सुमारे २३ अंश. पुढच्या फेरीत स्थानकाची वाट तेवढी पश्चिमेला सरकलेली असते. म्हणून सात वाजता जे माथ्यावरून गेलं ते पुढच्या खेपेला पश्चिमेला खूप दुरून निघून जातं.

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला स्थानकावर होते तेव्हा मात्र आमची फजिती झाली. २५ जून २०२५ ला उड्डाण, १५ जुलैला परत. ऐन आषाढ! आकाश म्हणजे गळकं पत्र्याचं छप्पर. तक्त्यात तारखा दिसत होत्या आणि वर ढगांशिवाय काही नव्हतं. मग त्याच साइटवरचा थेट नकाशा प्रोजेक्टरवर लावला. स्थानकाची खूण अरबी समुद्र ओलांडून महाराष्ट्रावर आली तेव्हा मुलांनी छताकडे बघून हात हलवले. मला हसू आलं, पण मीही हलवला.

'अवकाश मोहिमा' धड्यातला दुसरा आकडा ३५,७८० किलोमीटर. भूस्थिर उपग्रहांची उंची. त्यासाठी कुठल्याच साइटची गरज नाही. डीडी फ्री डिश ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतं, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ पूर्व रेखांशावर असतो. आपण ७३.९ वर. म्हणजे आमच्या गावातली फ्री डिशची प्रत्येक छत्री आग्नेयेकडे तोंड करून असली पाहिजे. मुलांना दुपारी होकायंत्राचं ॲप देऊन गल्लीत सोडते. घराघरांवरची छत्री हा गावाने नकळत मांडलेला प्रयोगच आहे.

पण माझी सगळ्यात लाडकी जागा विचाराल तर 'डीएसएन नाऊ'. नासाची दूरच्या यानांशी बोलणारी केंद्रं पृथ्वीवर तीन ठिकाणी आहेत, कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमध्ये माद्रिदजवळ आणि ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ. पृथ्वी कशीही फिरली तरी तिन्हींपैकी एक केंद्र यानाच्या समोर असावं म्हणून ही वाटणी. या साइटवर त्या सगळ्या अँटेना चित्ररूपात दिसतात आणि या क्षणी कोणती अँटेना कुणाशी बोलते आहे ते कळतं. लहरी वर जाताहेत की खाली येताहेत, तेही. इंग्रजी जवळपास लागत नाही. यानांची नावं आखूड अक्षरांत असतात, तेवढी एका वहीत लिहून ठेवली की झालं. कधी मंगळावरचं रोव्हर, कधी जेम्स वेब दुर्बीण, आणि नशीब असेल तर व्हॉयेजर.

व्हॉयेजर दिसलं की मी पाठ थांबवते. १९७७ साली सोडलेलं यान, मुलांच्या आईवडिलांपेक्षाही वयाने मोठं. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने लांब जातंय आणि त्याचा प्रक्षेपक आहे जेमतेम २३ वॉटचा, आमच्या वर्गातल्या एलईडी ट्यूबच्या जवळपास. एवढ्या बळावर त्याचा आवाज आपल्यापर्यंत येतो, कारण ऐकणारा कान सत्तर मीटर व्यासाचा आहे. साइटवर अँटेनेवर बोट ठेवलं की संदेशाला जाऊन यायला लागणारा वेळ दिसतो. तो निम्मा करा, सेकंदांत बदला, तीन लाखांनी गुणा. एका बाजूच्या २३ तासांसाठी उत्तर येतं २४ अब्ज ८४ कोटी किलोमीटर. मग नासाच्या व्हॉयेजर पानावर दिलेल्या अंतराशी ताडा. २०२६ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर-१ पृथ्वीपासून एक प्रकाश-दिवस अंतरावर पोहोचेल असा अंदाज आहे. त्यानंतर त्याला 'कसा आहेस' विचारलं तर उत्तर तिसऱ्या दिवशी.

२०२३ च्या नोव्हेंबरात याच यानाने अर्थ लागेना असा संदेश पाठवायला सुरुवात केली. संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाली होती. दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नव्हतं. इंजिनियरांनी त्या चिपवरची आज्ञावली तुकड्या-तुकड्यांनी इतर ठिकाणी हलवली, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर जवळजवळ दोन दिवस वाट पाहिली. २०२४ च्या एप्रिलमध्ये यान पुन्हा शुद्धीवर आलं. संगणकाच्या तासाला ज्यांना पाच सेकंद दम निघत नाही त्यांना हे मुद्दाम सांगावं.

दोन्ही व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. तबकडीवर ५५ भाषांमधले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे. नासाने ते ध्वनिमुद्रण ऐकायला ठेवलंय. वर्गात ते लावलं की आधी हशा पिकतो, मग ''पुन्हा लावा'' म्हणतात.

अँटेनांचं आमच्या मुलांना तसं कौतुक कमी, कारण खोडद जवळच आहे. नारायणगावच्या पलीकडे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण. शेतात काम करता करता दिसतात, त्यामुळे त्यांच्यात नवल उरलेलं नाही. ते परत आणायला मला एक गोष्ट सापडली. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं 'शियापारेली' हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवर ऐकण्याचं काम खोडदच्या दुर्बिणीकडे होतं. मंगळाच्या वातावरणात शिरणं, हवाई छत्री उघडणं इथपर्यंत संदेश येत राहिला आणि जमिनीला टेकायच्या थोडं आधी बंद पडला. नंतर कळलं ते असं. यानाच्या फिरण्याचा वेग मोजणारं उपकरण थोडा वेळ त्याच्या मोजमापाच्या शेवटच्या टोकाला अडकलं. त्यावरून संगणकाने उंची काढली ती शून्याच्या खाली. म्हणजे यान हवेत पावणेचार किलोमीटर उंच, आणि संगणकाच्या मते जमिनीखाली! त्याने छत्री सोडून दिली, इंजिनं तीनच सेकंद चालवून बंद केली, आणि यान आपटलं. उणे चिन्ह विसरलं तर काय बिघडतं, असं विचारणाऱ्या मुलांना मी आता हे सांगते. युरोपच्या अंतराळ संस्थेच्या साइटवर या अपघाताचा हिशेब उघडपणे मांडलेला आहे. यशाच्या शंभर चित्रफितींपेक्षा असा एक चौकशी अहवाल मुलाला जास्त शिकवतो, असं माझं मत आहे.

अपयशाची आपली स्वतःची गोष्टही आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम लँडर उतरता उतरता संपर्काबाहेर गेला. दहा दिवसांनी नासाचं चंद्राभोवती फिरणारं एलआरओ यान त्या भागावरून गेलं आणि तिथली छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली केली गेली. चेन्नईत षण्मुग सुब्रमणियन नावाचा इंजिनियर घरच्या संगणकावर अपघाताच्या आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी ठेवून बसला. अंधूक, खडबडीत जमीन, त्यात आधी नसलेला एक उजळ ठिपका. त्याने नासाला कळवलं. नासाने पुढच्या फेऱ्यांमध्ये पुन्हा छायाचित्रं घेतली, आणि २ डिसेंबरला त्याच्या नावानिशी जाहीर केलं, की विक्रमचा पहिला तुकडा त्यानेच ओळखला. मुख्य आघाताच्या जागेपासून वायव्येला सुमारे ७५० मीटरवर.

तो ज्या चित्रांवरून डोळे फिरवत होता ती आजही कुणालाही पाहता येतात. 'एलआरओसी क्विकमॅप' उघडा, चंद्राचा नकाशा येतो. दक्षिण अक्षांश ६९.३७, पूर्व रेखांश ३२.३२ असं टाका, तुम्ही चांद्रयान-३ उतरलं त्या शिवशक्ती बिंदूपाशी. मोठं करत जा. अपोलोची जागाही शोधता येते, अंतराळवीरांच्या चालण्याने उमटलेल्या काळसर वाटांसकट. 'माणूस चंद्रावर गेलाच नव्हता' या आणखी एका लाडक्या व्हिडिओवर माझ्याकडे याहून चांगलं औषध नाही. इस्रोच्या चांद्रयानांची आणि मंगळयानाची मूळ माहितीही 'प्रदान' नावाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते. पण त्या फाइली संशोधकांसाठी आहेत, मोठ्या आणि उघडायला वेगळी सॉफ्टवेअर लागणाऱ्या. अकरावी-बारावीच्या पुढचं कुणी हौशी असेल तर जरूर. दहावीच्या मुलाला तिथे सोडणं म्हणजे त्याचा हिरमोड करणं.

दिवाळीच्या आधी आमच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक फोटो येतोच. रंगीबेरंगी दिव्यांनी उजळलेला भारत, 'दिवाळीच्या रात्री नासाने काढलेला'. तो दिवाळीचा नाही. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून ख्रिस एल्व्हिज या शास्त्रज्ञाने २००३ साली तयार केलेलं ते चित्र आहे. वेगवेगळ्या वर्षांचे दिवे वेगवेगळ्या रंगांत, म्हणजे वस्ती कशी वाढली ते कळावं म्हणून. खरा दिवाळीतला फोटो नासाने २०१२ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध केला, त्यात भारत रोजच्यासारखाच दिसतो. पणत्यांचा उजेड तिथवर पोहोचत नाही. पण हे मी सांगून काय उपयोग? 'वर्ल्डव्ह्यू' नावाच्या नासाच्या साइटवर तारीख निवडायची आणि रात्रीच्या दिव्यांचा थर लावायचा. मुलं दिवाळीची रात्र आणि तिच्या आधीची एक रात्र लावून बघतात आणि गटावर स्वतःच उत्तर टाकतात. आईवडिलांची चूक काढायला मिळते म्हटल्यावर उत्साह काय विचारता! हीच साइट दिवसाचीही चित्रं देते. मे महिन्यात आटलेली उजनी, जुलैत ढगांखाली गेलेला सह्याद्री, ऑक्टोबरात पश्चिमेला गर्द हिरवा आणि पूर्वेला फिकट होत गेलेला पुणे जिल्हा. भूगोलाच्या सरांनी ती आता माझ्याकडून पळवली आहे.

'स्टेलॅरियम' बहुतेकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. संगणकावर ते फुकट आहे, एकदा उतरवलं की इंटरनेट लागत नाही, पेनड्राइव्हवरून गावभर वाटता येतं. आमच्या प्रयोगशाळेत नेट असतं-नसतं, त्यामुळे हा गुण मोठा. जूनमध्ये मी त्यातलं वातावरण बंद करते. निळं आकाश नाहीसं होतं आणि भरदुपारी सूर्याच्या मागचे तारे दिसू लागतात. मृग लागला म्हणजे नेमकं काय लागलं, ते समोर दिसतं, सूर्य मृगाच्या डोक्यापाशी येऊन उभा. एका मुलाचे आजोबा हे बघायला मुद्दाम शाळेत आले होते. सगळी नक्षत्रं त्यांना पाठ, फक्त सूर्यामागची कधी पाहिलेली नव्हती.

मुलांना सगळ्यात आवडतो तो अर्थात खेळ. स्पेसएक्सने स्वतःचं ड्रॅगन यान स्थानकाला जोडण्याचा एक सराव इंटरनेटवर फुकट ठेवलाय, खऱ्या अंतराळवीरांपुढे जसा पडदा असतो तसाच. पहिल्या खेपेला सगळी मुलं आपटतात, कारण ती मोटारसायकलसारखं चालवायला जातात. एकदा बटण दाबलं की यान जात राहतं. थांबवायचं तर उलट बटण तेवढंच दाबावं लागतं. न्यूटनचा पहिला नियम मी नववीत तीन तास घेते, तो इथे दहा मिनिटांत हाडांत मुरतो.

'अपोलो इन रिअल टाइम'वर अपोलो ११, १३ आणि १७ या मोहिमा सेकंदासेकंदाने पुन्हा चालू होतात, नियंत्रण कक्षातल्या बोलण्यासकट. अप्रतिम काम आहे, पण अमेरिकी उच्चार आणि तांत्रिक भाषा आमच्या मुलांच्या डोक्यावरून जाते. मी एकटीच ऐकते, पेपर तपासताना.

काही गोष्टींबद्दल पालकांना सावध करावंसं वाटतं. 'नासाचं प्रमाणपत्र' मिळवून देणारी शिबिरं, हजारो रुपये फी. नासा स्वतः फुकटात पुष्कळ गमती देत असतं. पर्सिव्हिअरन्स रोव्हरबरोबर एक कोटी नऊ लाखांवर लोकांची नावं तीन चिपांवर कोरून मंगळावर गेली, आणि ज्यांनी नाव दिलं त्यांना विमानाच्या तिकिटासारखा कागद मिळाला. मुलांनी तो छापून भिंतीला लावला तर छानच, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. लघुग्रह शोधण्याच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचंही असंच. आयएएससी ही अमेरिकेतून चालणारी संस्था शाळांच्या गटांना दुर्बिणीने घेतलेली छायाचित्रं विनाशुल्क देते. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने घेतलेले फोटो एकामागून एक लावायचे. तारे जागच्या जागी राहतात, एखादा ठिपका सरकतो. तो शोधायचा, मोजायचा, कळवायचा. काम खरं आहे, डोळे दुखतात. फक्त 'विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला' अशी बातमी वाचली की हे ध्यानात ठेवावं, की ती बहुधा प्राथमिक नोंद असते. कक्षा पक्की होऊन लघुग्रहाला क्रमांक मिळेपर्यंत पुढे कित्येक वर्षं निरीक्षणं व्हावी लागतात.

मराठीत काय आहे, असं मला नेहमी विचारतात. ताडून पाहण्यासारखं फार थोडं, वाचण्यासारखं बऱ्यापैकी. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेतच. विश्वकोश आता इंटरनेटवर आहे आणि त्यातल्या खगोलशास्त्राच्या नोंदी भरवशाच्या आहेत. अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकांचा ढीग आहे, टाकाऊ वस्तूंतून करायचे प्रयोगही. गुप्तांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं काम केलं. ती वास्तू पुलंच्या देणगीतून उभी राहिली आणि तिचं नाव सप्तर्षींमधल्या ताऱ्यावरून 'पुलस्त्य'. स्पर्धेच्या वाटेने जायचं असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साइटवर खगोलशास्त्र ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या विषयाचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईतच भरलं होतं. प्रश्न अवघड आहेत. पण त्यातले सोपे निवडले तर नववीची मुलं भिडतात.

आणि नववीच्या पालकांसाठी एक निरोप. इस्रो २०१९ पासून 'युविका' हा बालवैज्ञानिक कार्यक्रम घेतं. निवडलेली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत इस्रोच्या केंद्रात राहून शिकतात, खर्च इस्रोचा. अर्ज ऑनलाइन, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. आठवीचे गुण, विज्ञान प्रदर्शनं, स्पर्धा यांचा हिशेब होतो आणि ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळेत शिकणाऱ्यांना त्यासाठी वेगळे गुण असतात. म्हणजे आमच्यासारख्या शाळांचं पारडं थोडं जड. मात्र अर्ज करता येतो तो नववीत असतानाच, दहावीत गेल्यावर नाही. आठवीतली प्रदर्शनांची प्रमाणपत्रं आत्ताच एका फायलीत लावून ठेवा, आणि मुलीच्या नावाने अर्ज भरताना ओटीपी दादाच्या मोबाइलवर येणार असेल तर दादाला त्या दिवशी घरी थांबायला सांगा.